युद्धाने मोडलेली इटालियन शहरे : पूर्ववत उभारणी, राखून ठेवलेली जखम आणि न लिहिलेली नावे

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मिलानच्या मुख्य कॅथेड्रलला लागून ‘पालात्सो रेआले’ हा राजवाडा आहे आणि त्यात स्त्रीरूपी स्तंभशिल्पांचे एक भव्य दालन आहे. १५ आणि १६ ऑगस्ट १९४३ च्या मधल्या रात्री ब्रिटिश विमानांच्या हल्ल्यात या दालनाचे छत पेटून खाली आले, आणि त्या आगीत व पडझडीत भिंतींवरच्या शिल्पांचे चेहरे, खांदे, हात फुटले. युद्धानंतर दालनाला नवे छत मिळाले, भिंती पक्क्या केल्या गेल्या, परंतु शिल्पे मात्र मुद्दाम तशीच ठेवण्यात आली. १९५३ साली पिकासोचे ‘गेर्निका’ हे चित्र मिलानमध्ये आले तेव्हा ते याच दालनात मांडले गेले.

त्याच रात्री जवळचे ‘ला स्काला’ हे संगीतनाट्यगृहही उद्ध्वस्त झाले. त्याच्या बाबतीत शहराने अगदी उलट निर्णय घेतला. ते होते तसे पुन्हा बांधले गेले आणि ११ मे १९४६ रोजी, म्हणजे तीन वर्षांच्या आत, तोस्कानिनी यांच्या संगीतसभेने उघडलेसुद्धा. तिसरी वास्तू सांता मारिया देल्ले ग्रात्सिए. तिच्या भोजनगृहाचे छप्पर आणि एक लांब भिंत कोसळली; परंतु ज्या भिंतीवर लिओनार्दोचे ‘द लास्ट सपर’ आहे ती, वाळूची पोती आणि लाकडी आधार आधीच रचून ठेवलेले असल्यामुळे, उभी राहिली. एका शहरात एका रात्री मोडलेल्या तीन वास्तूंना तीन वेगवेगळी नशिबे लाभली, आणि त्यांतली दोन तरी माणसांनी विचारपूर्वक ठरवलेली होती.

हा धागा काढण्याचे कारण असे की, या विषयावरची चर्चा बहुधा ‘पूर्ववत बांधावे की भग्न ठेवावे’ एवढ्यावरच थांबते. माझ्या मते त्याहून अवघड प्रश्न दुसरा आहे : ती वास्तू कोणी मोडली आणि का मोडली, हे तिथे लिहिले जाते का? १९४३ मध्ये इटली शरण गेल्यावर जर्मनीने तो देश व्यापला; त्या जर्मन सैन्याने केलेला विध्वंस इटलीत कर्त्याच्या नावासह सांगितला जातो. दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बनी झालेल्या नाशाविषयी बोलताना मात्र वाक्याला कर्ताच उरत नाही. ‘बॉम्ब पडले’, ‘युद्धात नष्ट झाले’ असेच शब्द येतात. शिवाय १० जून १९४० रोजी मुसोलिनीच्या सरकारने आपण होऊन युद्धात उडी घेतली, ही गोष्ट दोन्ही कथनांतून निसटते. ‘गेर्निका’ त्या फुटक्या शिल्पांसमोर मांडताना मिलानकरांना काय वाटले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कारण २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधील ज्या गेर्निका गावावरून ते चित्र काढले त्याच्यावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांत जर्मन विमानांबरोबर इटालियन विमानेही होती.

पादुआचे उदाहरण याहून दुःखद आहे. ११ मार्च १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी रेल्वेच्या आवाराला लक्ष्य केले असताना एरेमितानी चर्चवर बॉम्ब पडले आणि त्यातील ओव्हेतारी प्रार्थनागृह जवळजवळ नाहीसे झाले. आंद्रेआ मान्तेन्याने विशीही पूर्ण झालेली नसताना, १४४८ च्या सुमारास, तिथली भित्तिचित्रे हाती घेतली होती. त्यांपैकी काही भाग एकोणिसाव्या शतकातच भिंतीवरून उतरवून ठेवलेला असल्यामुळे वाचला; बाकीच्याचा चुरा झाला. ढिगाऱ्यातून गिलाव्याचे ८० हजारांहून अधिक तुकडे वेचून पेट्यांत भरून रोमला नेण्यात आले आणि ते अनेक दशके तसेच पडून राहिले. पुढे पादुआ विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ दोमेनिको तोनियोलो यांच्या पुढाकाराने प्रत्येक तुकड्याचे छायाचित्र संगणकात घेऊन त्याची जागा जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून शोधण्यात आली, आणि २००६ मध्ये ते भिंतीवर परत बसवण्यात आले. आज तिथे जुन्या छायाचित्राच्या फिकट करड्या पार्श्वभूमीवर मूळ रंगाची लहान लहान बेटे दिसतात. जे गेले ते किती मोठे होते, हे त्या बेटांमधल्या मोकळ्या जागेवरून कळते. आणि म्हणूनच मला हे काम ला स्कालाच्या उभारणीपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. हाकेच्या अंतरावर जोत्तोची चित्रे असलेले स्क्रोवेन्यी प्रार्थनागृह आहे. त्याला काही झाले नाही, यात कोणाचेही कौशल्य नव्हते.

जाणकारांनी भर घालावी आणि मतभेद असल्यास तोही मोकळेपणाने मांडावा.

---

वास्तुवेडा

कृष्णाकाठ, आपण विषय उत्तम मांडला आहे, परंतु ‘पूर्ववत उभारणी’ म्हणजे कमी प्रामाणिक, हा सूर मला मान्य नाही. फ्लोरेन्सचे उदाहरण घेऊ.

३ आणि ४ ऑगस्ट १९४४ च्या रात्री माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आर्नो नदीवरील एक सोडून सारे पूल उडवले. वाचला तो पोन्ते व्हेक्यो. पण त्याच्या दोन्ही टोकांची वाट अडवण्यासाठी पोर सांता मारिया, ग्विच्चार्दिनी आणि बोर्गो सान याकोपो या रस्त्यांवरची मध्ययुगीन घरे आणि बुरूज सुरुंगांनी पाडण्यात आले. पर्यटक वाचलेल्या पुलाचे छायाचित्र काढतात आणि त्यासाठी ज्या वस्तीची किंमत मोजली गेली तिच्यावरूनच चालत जातात, हे सहसा कोणी सांगत नाही.

उडवलेल्या पुलांपैकी सर्वांत सुंदर होता बार्तोलोमेओ आम्मानातीने १५६९ मध्ये पूर्ण केलेला सांता त्रिनिता. तो पुन्हा बांधताना मोठा वाद झाला. नवा काळ आहे, नवा पूल बांधा, असे म्हणणारेही होते. परंतु ‘जिथे होता तिथे, जसा होता तसा’ ही बाजू जिंकली. व्हेनिसचा घंटामनोरा १९०२ मध्ये आपोआप कोसळला आणि १९१२ मध्ये पुन्हा उभा राहिला, तेव्हापासून ही घोषणा इटलीत रुळलेली आहे. नदीच्या पात्रातून मूळ दगड काढून वापरण्यात आले, आणि कमी पडले तेव्हा बोबोली बागेतील जुनी खाण पुन्हा उघडण्यात आली. त्या कमानींची चपटी, लांबट वक्ररेषा कोणत्या गणिताने आखली होती याविषयी अभियंत्यांत एकमत होत नव्हते. अखेर जुनी मोजमापे आणि छायाचित्रे यांच्या आधारे ती सिद्ध करण्यात आली. पूल १९५८ मध्ये खुला झाला. पुलावरच्या वसंत ऋतूच्या पुतळ्याचे डोके मात्र सापडत नव्हते. ते १९६१ मध्ये नदीच्या गाळात मिळाले आणि पुतळ्यावर परत बसवण्यात आले.

हा पूल खोटा आहे असे कोणत्या तोंडाने म्हणावे? दगड तोच, खाण तीच, आकृती तीच. उलट त्याच शहरात पोन्ते व्हेक्योच्या आजूबाजूला ‘आम्ही जुन्याची नक्कल करणार नाही’ म्हणून जी घरे उभी राहिली, ती ना धड जुनी ना धड नवी. माझे मत असे की, ज्या वास्तूचा आराखडा एका माणसाच्या डोक्यातून आला होता आणि ज्याची मोजमापे उपलब्ध होती, ती परत उभी करणे योग्य. शेकडो वर्षांत हळूहळू घडलेली वस्ती कोणत्याच पद्धतीने परत येत नाही. व्हेरोनातही एप्रिल १९४५ मध्ये जर्मनांनी उडवलेले स्कालिजेरी पूल आणि पोन्ते पिएत्रा हे दोन पूल नदीतले दगड व विटा काढून पुन्हा बांधले आहेत.

---

जुनी पलटण

या चर्चेत आपल्या माणसांचा खराखुरा संबंध येतो, म्हणून लिहितो.

फ्लोरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातील चित्रे बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहराबाहेरच्या वाड्यांत आणि गढ्यांत हलवण्यात आली होती. त्यांपैकी एक मोन्तेगुफोनीचा किल्लेवजा वाडा. तो सिटवेल या इंग्रज कुटुंबाच्या मालकीचा होता. १९४४ च्या उन्हाळ्यात आघाडी फ्लोरेन्सकडे सरकली तेव्हा ८व्या भारतीय डिव्हिजनमधील मराठा लाइट इन्फंट्रीचे सैनिक तिथे पोहोचले. आत बोत्तिचेल्लीचे ‘प्रिमाव्हेरा’, उच्चेल्लोचे ‘सान रोमानोची लढाई’ आणि अशीच दोनशेहून अधिक चित्रे भिंतींना टेकवून ठेवलेली होती, आणि बाहेर तोफा चालू होत्या. त्याआधी तिथे राहून गेलेल्या जर्मन सैनिकांनी गिर्लांदायोचे एक गोल चित्र आडवे टाकून त्याचा टेबलासारखा वापर केला होता. मराठा पलटणीने त्या चित्रांवर पहारा बसवला. सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतून भरती झालेली माणसे बोत्तिचेल्लीच्या चित्राची राखण करत होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवणे योग्य नव्हे. मोन्ते कास्सिनोचा मठ संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात स्थापिला. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोनशेहून अधिक अमेरिकन विमानांनी तो जमीनदोस्त केला. ती मागणी ज्यांनी केली त्यांत ४थ्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती फ्रान्सिस टकर प्रमुख होते. डोंगरावर चढून जाण्याची वेळ त्यांच्या सैनिकांवर येणार होती, आणि मठाच्या भिंती किती जाड आहेत याचा पत्ता त्यांना नेपल्सच्या एका दुकानात मिळालेल्या १८७९ च्या पुस्तकावरून लागला होता. मठात त्या वेळी जर्मन फौज नव्हती. आश्रयाला आलेले नागरिक होते आणि त्यांतले पुष्कळ मेले. बॉम्बफेकीनंतर मात्र जर्मन छत्रीसैनिकांनी त्या ढिगाऱ्यातच ठाण मांडले आणि ढिगारा त्यांना मठापेक्षाही सोयीचा ठरला. राजपुताना रायफल्स आणि गुरखा पलटणींची त्या उतारावर झालेली हानी वाचताना, टकर यांचा निर्णय चुकला असे सहज म्हणणे मला जड जाते. तो उपयोगी पडला असे म्हणणे तर शक्यच नाही. मठातील हस्तलिखिते आणि दप्तर १९४३ च्या अखेरीस श्लेगेल आणि बेकर या दोन जर्मन अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने रोमकडे हलवले गेले होते, म्हणून ते वाचले. कृष्णाकाठ, आपल्या ‘कर्त्या’च्या प्रश्नात ही गुंतागुंतही धरावी लागेल : वाचवणारे आणि मोडणारे नेहमी आपल्याला हव्या त्या बाजूला उभे नसतात.

जाता जाता : नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी वरच्या तिबेर खोऱ्यात वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. त्यांचे नाव कास्सिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे, आणि पेरुजाजवळच्या मोन्तोने या गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक उभारण्यात आले.

---

दप्तरदार

सगळी चर्चा दगड आणि रंग यांच्याभोवती चालली आहे. कागदाविषयी कोणीतरी बोलायला हवे.

नेपल्सच्या सरकारी अभिलेखागाराने आपली सर्वांत मौल्यवान कागदपत्रे शहरातील बॉम्बहल्ल्यांपासून दूर, नोलाजवळच्या सान पाओलो बेल्सितो येथील एका बंगल्यात सुरक्षित ठेवली होती. सप्टेंबर १९४३ च्या अखेरच्या चार दिवसांत नेपल्सच्या नागरिकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला, आणि ३० सप्टेंबरला जर्मन सैनिकांच्या एका तुकडीने त्या बंगल्यातील सारी दप्तरे जाळून टाकली. नेपल्सवर राज्य करणाऱ्या अंजू घराण्याच्या राज्यकारभाराच्या सुमारे पावणेचारशे नोंदवह्या त्यात गेल्या. तेराव्या आणि चौदाव्या शतकांतील दक्षिण इटलीचा इतिहास ज्या कागदांवरून लिहायचा, ते कागदच संपले. पेशवे दफ्तर एका दुपारी जळून गेले असते तर आपल्या अठराव्या शतकाचे काय उरले असते, एवढी कल्पना केली म्हणजे पुरे.

यानंतर अभिलेखागाराचे प्रमुख रिक्कार्दो फिलांजिएरी यांनी जे केले ते मला पादुआच्या कामाइतकेच मोठे वाटते. पूर्वीच्या अभ्यासकांनी त्या नोंदवह्यांतून जे जे उतरवून घेतले होते, छापले होते, ज्यांची छायाचित्रे घेतली होती, ते देशोदेशींच्या विद्वानांकडून गोळा करून त्यांनी नोंदवह्या पुन्हा जुळवायला घेतल्या. पहिला खंड १९५० मध्ये निघाला. ते काम त्यांच्या मागेही चालू राहिले.

चांगल्या हेतूने एका जागी जमा केलेला ठेवा एकाच हल्ल्यात जातो, हा यातला कडू भाग. उलट उदाहरणही आहे : पास्क्वाले रोतोंदी या तरुण अधिकाऱ्याने मार्के प्रांतातील सास्सोकोर्वारो आणि कार्पेन्या येथे सुमारे दहा हजार कलाकृती लपवल्या आणि त्या वाचल्या. दोघांची पद्धत जवळपास एकच होती.

---

चुनखडी

चित्रसंवर्धन हा माझ्या अभ्यासाचा विषय असल्याने पिसाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

२७ जुलै १९४४ रोजी दोस्त सैन्याचा एक तोफगोळा काम्पोसांतो या जुन्या दफनभूमीच्या छपरावर पडला. गोळ्याने फारसे नुकसान केले नाही. केले ते आगीने. लाकडी तुळया पेटल्या, छपरावरचे शिशाचे पत्रे वितळले आणि ते शिसे भित्तिचित्रांवरून ओघळले. आर्नोच्या दोन काठांवर दोन सैन्ये असल्यामुळे आग विझवायला साधने नव्हती. सप्टेंबरमध्ये अमेरिकन ५व्या सैन्यातील अधिकारी आणि स्वतः चित्रकार असलेले डीन केलर तिथे पोहोचले आणि पावसाळ्याआधी तात्पुरते छप्पर घालण्याचे काम त्यांनी इटालियन कारागीर व सैनिक यांच्याकडून करवून घेतले. त्यांच्या अस्थी २००० साली त्याच आवारात ठेवण्यात आल्या.

यानंतर जे घडले ते विलक्षण आहे. भाजलेली चित्रे भिंतीवरून सोलून काढावी लागली आणि ती निघाल्यावर खाली चित्रकारांनी लाल मातीच्या रंगाने काढलेली मूळ रेखाटने उघडी पडली. त्या रेखाटनांना सिनोपिया म्हणतात; त्यांचे स्वतंत्र संग्रहालय १९७९ पासून पिसात आहे. सहाशे वर्षे कोणीही न पाहिलेला चित्रकाराचा हात केवळ आगीमुळे दिसला, हे लिहिताना संकोच वाटतो, पण ते खरे आहे. युद्धानंतर चित्रे सोलताना वापरलेला प्राणिज सरस पुढे कडक होऊन चित्रांनाच खाऊ लागला. तो काढण्यासाठी सरस पचवणारे जिवाणू वापरण्यात आले. बुफ्फाल्माकोचे ‘मृत्यूचा विजय’ हे प्रचंड चित्र २०१८ मध्ये आपल्या भिंतीवर परत गेले. म्हणजे दुरुस्तीची दुरुस्ती धरून सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला.

वास्तुवेडा, पुलाचे दगड परत रचता येतात, हे मान्य. रंगाच्या बाबतीत ‘जसे होते तसे’ ही सोय नाही. तिथे जे गेले त्यावर नवे रंगवणे म्हणजे खोटेपणाच. म्हणून पादुआची पद्धत योग्य.

---

अनाहूत

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मनात एक अस्वस्थता राहिली ती लिहितो. २० ऑक्टोबर १९४४ रोजी मिलानच्या गोर्ला भागात कारखान्यांवर जाणाऱ्या अमेरिकन विमानांचे बॉम्ब एका प्राथमिक शाळेवर पडले आणि १८४ मुले मेली. १९ जुलै १९४३ रोजी रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत हजाराहून अधिक माणसे मेली. त्या बॉम्बफेकीची आठवण काढताना तिथल्या प्राचीन बॅसिलिकेचा, म्हणजे चर्चचा, दर्शनी भाग पडला, हे पहिले सांगितले जाते. चित्रांची एवढी तपशीलवार हळहळ करताना माणसे तळटीपेत जात नाहीत का?

---

कृष्णाकाठ

अनाहूत, आपला आक्षेप योग्य आहे आणि तो माझ्या मूळ मुद्द्याला धरूनही आहे. गोर्ला येथे मुलांच्या पालकांनीच पुढाकार घेऊन शाळेच्या जागी स्मारक उभारले. त्याच्यावर मृत मूल हातांत घेतलेली आई आहे आणि ‘हे पाहा युद्ध’ अशा अर्थाचे शब्द आहेत. ते स्मारक कुठल्याही कॅथेड्रलच्या दुरुस्तीपेक्षा स्पष्ट बोलते, परंतु ते मिलानच्या पर्यटनमार्गावर येत नाही.

कर्त्याचे नाव लिहिण्याविषयी मला दोन जागा महत्त्वाच्या वाटतात. जेनोव्हाच्या सान लोरेन्झो कॅथेड्रलमध्ये ९ फेब्रुवारी १९४१ रोजी ब्रिटिश आरमाराने डागलेला एक गोळा भिंत फोडून आत आला आणि फुटलाच नाही. तो गोळा आजही आत मांडलेला असून शेजारच्या शिलालेखात तो इंग्रजांच्या आरमाराने टाकला होता असे सरळ लिहिले आहे आणि वाचल्याबद्दल मेरीमातेचे आभार मानले आहेत. त्यात शाप नाही आणि लपवाछपवीही नाही. मात्र इटलीने आठ महिने आधी युद्ध पुकारले होते, हे तिथेही नाही.

दुसरी जागा बोल्झानो. तिथे मुसोलिनीच्या काळातील विजयस्मारक पाडावे की ठेवावे यावर अनेक वर्षे भांडण चालले. अखेर २०१४ मध्ये त्याच स्मारकाच्या तळघरात फॅसिस्ट आणि नाझी या दोन्ही हुकूमशाह्यांचा इतिहास सांगणारे कायमचे प्रदर्शन उघडले, आणि फॅसिस्ट पक्षाच्या जुन्या कचेरीवर मुसोलिनीचे जे प्रचंड दगडी शिल्प आहे त्यावर २०१७ पासून तत्त्वचिंतक हाना आरेंट यांचे ‘आज्ञापालनाचा अधिकार कोणालाही नाही’ अशा आशयाचे वाक्य तीन भाषांत प्रकाशाने उमटवले आहे. बॉम्बने मोडलेल्या वास्तूंच्या बाबतीत इतके धैर्य मला इटलीत क्वचितच दिसते, कारण तिथे स्वतःच्या देशाचा दोष आणि मुक्तिदात्यांचा दोष एकाच वाक्यात लिहावा लागतो.

---

वास्तुवेडा

चुनखडी यांचा भेद पटला. त्रेविसोच्या ‘पालात्सो देई त्रेचेंतो’विषयी मात्र चुनखडी आणि कृष्णाकाठ या दोघांनीही विचार करावा. ७ एप्रिल १९४४ च्या अमेरिकन हल्ल्यात त्याचा मोठा भाग कोसळला. तो पूर्ववत बांधला, पण जुनी भिंत कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते, ते दर्शवणारी रेषा सोडली आहे. उभारणी आणि प्रामाणिकपणा एकत्र नांदू शकतात.

---

दप्तरदार

कृष्णाकाठ यांना एकच अडचण विचारतो. रोमजवळच्या नेमी सरोवराचे पाणी उपसून १९२९ ते १९३२ या काळात सम्राट कालिगुलाची दोन अवाढव्य जहाजे वर काढली गेली आणि ती काठावरच्या संग्रहालयात ठेवली गेली. ३१ मे १९४४ च्या रात्री दोन्ही जळून खाक झाली. इटालियन चौकशी समितीने तिथल्या जर्मन तुकडीवर ठपका ठेवला. अमेरिकन तोफांच्या माऱ्याने आग लागली असावी, असे म्हणणारेही आहेत. कर्त्याचे नाव लिहिलेच पाहिजे, असा नियम केला तर इथे काय लिहायचे?

---

कृष्णाकाठ

हेच लिहायचे : समितीने काय ठरवले, कोणत्या पुराव्यावर ठरवले आणि त्यावर आक्षेप कोणता आहे. त्याला तीन वाक्ये लागतात. नेमीच्या संग्रहालयात आज त्या जहाजांच्या एक-पंचमांश आकाराच्या प्रतिकृती आहेत; शेजारच्या भिंतीवर तीन वाक्यांना पुरेशी जागा आहे.